सांगलीच्या पुरासाठी घरच्यांच्या फोनमध्ये काय ठेवलं, काय उडवलं

जून लागला की आमच्या सांगलीत लोक फूट-इंचात बोलायला लागतात. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४५ ला धोका, आणि कर्नाळ रोड, दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉटवाल्यांची आवराआवर तर त्याच्याही आधी सुरू होते कारण पाणी पहिलं तिकडंच शिरतं. २०१९ ला ५७ फुटांच्या वर गेलेलं, २०२१ ला परत ५४-५५. आई-पप्पा दोघंच तिथं असतात, मी पुण्यात, दादा बंगळुरूला, आणि २०१९ ला तर दादाच्या वाटेवरचा हायवेच शिरोलीपाशी पाण्याखाली होता, म्हंजे यायचं म्हटलं तरी येणार कसं. तेव्हापासून घरच्यांच्या फोनमध्ये मी काय काय टाकत आणि काढत आलेय त्याचा हा रिव्ह्यू. कुणी पैसे दिलेले नाहीत, आणि बहुतेक गोष्टी फुकटच आहेत.

आधी एक सांगते, ॲप दिसायला कसं आहे हे मी बघितलेलंच नाही. आईच्या फोनवर, चष्मा सापडत नसताना, नेटची एकच काडी असताना काय होतं एवढंच बघितलं. माझ्या फोनवर भारी चालणाऱ्या गोष्टींचा तिकडं काडीचा उपयोग नाही, कारण पाण्याच्या वेळी मी पुण्यात असणार आणि फोन तिच्या हातात असणार.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो फ्लडवॉच इंडियाचा. केंद्रीय जल आयोगाचं ॲप आहे, २०२३ ला आलं. नकाशा उघडला की नदीकाठच्या केंद्रांचे ठिपके दिसतात, हिरवा म्हंजे नेहमीसारखं, पिवळा म्हंजे इशारा पातळीच्या वर, केशरी म्हंजे धोक्याच्या वर, आणि लाल म्हंजे त्या जागी आजवर नोंदलेल्या सगळ्यात मोठ्या पुराला गाठलं किंवा मागं टाकलं. पुढच्या चोवीस तासांचा अंदाज पण देतात. ठिपक्याला हात लावला की आकडा येतो आणि इथंच आमच्या घरात पहिला गोंधळ झाला. पप्पांनी ॲप उघडलं, आकडा बघितला आणि मला फोन, "अगं हे पाचशेच्या वर काय दाखवतंय, फूट का मीटर? पाचशे फूट पाणी आलं तर महाबळेश्वर पण बुडेल की!" तर ते मीटर असतात, आणि ते पण समुद्रसपाटीपासून. अख्खी सांगली आयर्विनचे फूट बोलते, पेपरात फूट, रिक्षावाला पण फूट सांगतो, आणि ॲप बोलतंय समुद्रसपाटीपासूनचे मीटर. बनवणाऱ्यांच्या दृष्टीनं बरोबरच आहे, देशभर एकच माप पाहिजे, पण कर्नाळ रोडवरच्या माणसाला त्यातून काय कळणार सांगा.

यावर आम्ही तोडगा काढला तो असा की आकडा बघायचाच नाही, फरक बघायचा. काल संध्याकाळी किती होतं आणि आत्ता किती आहे. साधारण तीस सेंटिमीटर वाढलं म्हंजे एक फूट चढलं, बस. पप्पांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेननं रकाने आखलेत, तारीख, वेळ, ॲपचा आकडा, शेजारी पेपरातले आयर्विनचे फूट. दोन-तीन दिवस असं लिहिलं की कुठला मीटर म्हंजे आपला कुठला फूट हे आपोआप डोक्यात बसतं. पप्पा रिटायर्ड आहेत, त्यांना हे काम जाम आवडलंय, आता शेजारचे काका पण सकाळी येऊन विचारतात "काय ओ, किती चढलं?" मी वापरायला घेतलं तेव्हा ॲपमध्ये इंग्रजी आणि हिंदी दोनच भाषा होत्या, मराठी असती तर आईनं पण उघडलं असतं. पाचपैकी चार, एक मार्क भाषेचा कापला.

आता हवामानाच्या ॲपांबद्दल. सांगलीकरांनो, एक गोष्ट कुणी सांगत नाही, सांगलीचा पूर सांगलीच्या पावसानं येत नाही! महाबळेश्वर, नवजा, कोयनानगरला ढगफुटीसारखा बरसतो, कोयना धरणाचे दरवाजे उचलतात, वारणा हरिपूरला येऊन मिळते आणि इकडं आपल्या गॅलरीत कपडे वाळत असतात. फोनवरचं हवामान 'सांगली, अंशतः ढगाळ' दाखवणार आणि दत्तनगरात पाणी गुडघ्याला लागलेलं असणार. त्यामुळं हवामानाच्या ॲपमध्ये स्वतःचं गाव टाकून ठेवण्यात काही अर्थ नाही. आईच्या फोनमध्ये मी सांगलीच्या खाली महाबळेश्वर आणि पाटण पण टाकून ठेवलंय. कोल्हापूरवाल्यांनी राधानगरी, गगनबावडा टाका. आणि पुण्यात सिंहगड रोडला राहणाऱ्यांनो, २५ जुलै २०२४ आठवा, एकतानगरीत पाणी शिरलं ते खडकवासल्यातून सोडलेलं, त्यामुळं आपल्या डोक्यावरचा पाऊस बघून तुम्हीपण निवांत बसू नका.

याच कारणासाठी सचेत ॲप ठेवलंय, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं. यात आपण आहोत तिथलाच नाही तर दुसरा कुठलाही जिल्हा निवडता येतो, म्हंजे आई सांगलीत बसून साताऱ्याचे इशारे घेऊ शकते आणि मी पुण्यात बसून दोन्हीचे. भाषा मराठी करता येते, हे फार बरं. पण एक अडचण आहे आणि ती ॲपची कमी, इशारे देण्याच्या पद्धतीची जास्त आहे. इशारा बहुतेक वेळा जिल्ह्याचा येतो. आता सांगली जिल्हा म्हंजे एका टोकाला शिराळा, जिथं पावसाळ्यात छत्री मिटायची सोय नाही, आणि दुसऱ्या टोकाला जत-आटपाडी, जिथं टँकरची वाट बघतात. दोघांना एकच पिवळा अलर्ट, 'तुरळक ठिकाणी मुसळधार'. असे चार आले आणि ऊन पडलं की पाचवा कोण वाचतंय? म्हणून आमच्याकडं नियम असा की पिवळ्याला कुणी कुणाला फोन करायचा नाही, केशरी आला की मी आईला फोन करणार, लाल आला तर कुणी कुणाची वाट न बघता गाडी वरच्या बाजूला विश्रामबागला आत्याकडं लावायची. हा नियम ठरल्यापासून ॲप कामाला आलं, त्याच्याआधी ते नुसतं टुंग टुंग करायचं. साडेतीन.

दामिनी मात्र डोळे झाकून टाका, विशेषतः घरात कुणी शेतात जात असेल तर. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं बनवलंय, वीज कुठं पडतेय ते दाखवतं, आपल्या भोवती २० आणि ४० किलोमीटरची वर्तुळं आणि त्यात ठिपके, किती मिनिटांपूर्वी पडली त्याप्रमाणं रंग. माझा मामा तासगावकडं, द्राक्षबाग आहे, वळवाच्या पावसात बागेत लोखंडी तारा आणि अँगलमध्ये उभा असतो, त्याला समजावून सांगायला कुठं बसता, ठिपके आतल्या वर्तुळात आले की बाहेर ये एवढंच सांगितलं. ऐकतो. नेट लागतं आणि जीपीएस चालू लागतो हे धरून चाला. आणि फोनच्या बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन या ॲपवरचं बंधन काढा, नाहीतर काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायच्या नावाखाली मागं चालणारं ॲप झोपवून टाकतात आणि नोटिफिकेशन येतच नाही. मामाच्या फोनमध्ये हेच होत होतं, 'ऑटोस्टार्ट' चालू केलं तेव्हा यायला लागलं. पाचपैकी पाच.

आता खरी गंमत, जे फोनमध्ये आधीपासूनच असतं आणि कुणी उघडून बघत नाही.

सेटिंगमध्ये 'सेफ्टी अँड इमर्जन्सी' असं काहीतरी सापडेल, प्रत्येक कंपनीत नाव थोडं वेगळं. तिथं रक्तगट, आजार, ॲलर्जी, चालू गोळ्या आणि घरच्यांचे नंबर भरून ठेवता येतात आणि फोन लॉक असताना पण 'इमर्जन्सी' दाबून अनोळखी माणसाला ते दिसतात. आईचं भरायला मी बसले तर गोळ्यांची नावं विचारल्यावर ती म्हणाली "ती गुलाबी, सकाळची, आणि अर्धी पांढरी." डबा उघडला तर सगळ्या स्ट्रिपा कात्रीनं कापून वारांप्रमाणं ठेवलेल्या, नाव कापलेल्या बाजूला गेलेलं, एकीवर नुसतं 'मिग्रॅ' उरलेलं! शेवटी मेडिकलवाल्याकडून मागचं बिल काढून घेतलं. आता नवीन स्ट्रिप आली की कापायच्या आधी मागच्या बाजूचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकायचा, हे काम आईनंच स्वतःकडं घेतलंय. पूर असो नसो, कॅम्पमध्ये डॉक्टर पहिलं हेच विचारतात, की कुठली गोळी चालू आहे.

पॉवरचं बटण पटापट पाच वेळा दाबलं की एसओएस जातो, हे बऱ्याच नवीन फोनमध्ये आहे. चालू करा पण थांबा, आधी त्यातला ११२ ला आपोआप फोन लावायचा पर्याय आणि उलटी गिनती तपासून घ्या. पप्पांच्या पँटच्या खिशात ते बटण दाबलं गेलं आणि भाजी मंडईत सायरन वाजला, लोकं बघायला लागली, पप्पांना वाटलं दुसऱ्याचाच वाजतोय. आता त्यांच्या फोनमध्ये आपोआप कॉल बंद आहे, फक्त मला आणि दादाला लोकेशनचा मेसेज येतो. ११२ इंडियाचं वेगळं ॲप पण आहे, मी आईच्या फोनमध्ये टाकलं नाही कारण ११२ हे तीन आकडे तिला पाठ आहेत. ॲम्ब्युलन्सला १०८ आणि जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला १०७७, एवढे तीन नंबर स्पीड डायलला लावलेत. कीपॅडच्या साध्या फोनवर पण ५ किंवा ९ दाबून धरलं की मदतीचा कॉल जायची सोय असते, मात्र तुमच्या मॉडेलमध्ये आहे का ते बघून घ्या.

आणि ते भोंग्यासारखं वाजणारं, २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते आठवतंय? सरकारची सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती. तेव्हा घाबरून बऱ्याच जणांनी सेटिंगमध्ये जाऊन तो अलर्ट बंद करून टाकला, आमच्या काकूंनी तर शेजारणीचा पण बंद करून दिला. तो परत चालू करा. ॲप लागत नाही, नंबर नोंदवावा लागत नाही, त्या टॉवरच्या टापूतल्या फोनांना एकदम जातो. मोफत गोष्टींमध्ये सगळ्यात भारी हीच आणि तीच आपण बंद करून बसलोय.

कागदपत्रांसाठी डिजिलॉकर. यात एक फरक लक्षात ठेवा, खात्याकडून थेट आलेली कागदपत्रं ('इश्यूड' मध्ये दिसतात) कायद्यानं मूळ कागदासारखीच धरतात, २०१६ चे नियम आहेत तसे. पण आपण फोटो काढून वर चढवलेलं जे असतं त्याला झेरॉक्सचीच किंमत. आईनं सगळ्याचे फोटो चढवून "झालं सगळं ऑनलाइन" म्हटलेलं, तसं नसतं. आधार, लायसन्स, गाडीचं आरसी थेट ओढून घ्या. दुसरी गोष्ट, उघडायला ओटीपी लागतो आणि ओटीपी येतो त्याच सिमवर जे कदाचित पाण्यात गेलेलं असेल. म्हणून सगळ्याच्या पीडीएफ उतरवून माझ्या, दादाच्या आणि पप्पांच्या फोनमध्ये ठेवल्यात, आणि मूळ कागद झिपच्या जाड पिशवीत वरच्या माळ्यावर. शेती असेल तर महाभूमीच्या साइटवरून डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयात निघतो, तो पण काढून ठेवा, मामाचा मीच काढला.

हे सगळं कशाला ते पूर ओसरल्यावर कळतं. २०१९ ला शहरातल्या कुटुंबाला १५ हजार आणि ग्रामीण भागात १० हजार अशी मदत जाहीर झाली, पण त्याच्याआधी पंचनामा, आधार, रेशनकार्ड, पासबुक. घर चिखलात, पासबुक लगदा झालेलं, रेशनकार्डाची पानं एकमेकाला चिकटलेली. म्हणून मे महिन्यातच सगळ्या खोल्यांचा एक सलग व्हिडिओ काढून ठेवते, फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर, कपाट, मागचा सिरीयल नंबरचा स्टिकर पण. आणि पाणी उतरलं की साफसफाईच्या आधी त्याच जागी उभं राहून परत. तारीख-वेळ-लोकेशन फोटोवर छापणारी जीपीएस कॅमेऱ्याची ॲपं फुकट मिळतात, ठेकेदार लोक वापरतात तीच. विम्यावाल्यांना पण हेच लागतं. बायका आधी झाडू हातात घेतात आणि मग फोटोचं आठवतं, तेवढं उलटं करा.

एक पैसे देऊन घेतलेलं फॅमिली सेफ्टीचं ॲप पण होतं, नाव घेत नाही. कोण कुठं आहे ते सतत दाखवणार, घरी पोचले की टिंग, बाहेर पडले की टिंग. पप्पा चिडले, "मी काय जामिनावर सुटलोय का?" वर बंद केल्यावरही एक महिन्याचे पैसे कापले गेले आणि ते परत मिळवायला ईमेलवर ईमेल. काढून टाकलं. त्यापेक्षा गुगल मॅप्सचं लोकेशन शेअरिंग बरं, बॅटरी किती उरलीय ते पण दिसतं, आणि पुराच्या वेळी ठिकाणापेक्षा मला तेच जास्त लागतं. व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन जास्तीत जास्त आठ तास चालतं, परत परत चालू करायला लागतं, ते आईला जमत नाही. मॅप्समध्येच सांगली-मिरजेचा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा, फक्त लक्षात असू द्या की ऑफलाइन नकाशाला रस्त्यावर पाणी आहे का ते माहीत नसतं.

व्हॉट्सॲपवरून आठवलं. दर पावसाळ्यात 'कोयना फुटलं' अशी एक ऑडिओ क्लिप फिरते, बोलणारा इतका घाबरलेला असतो की खरंच वाटतं. आम्ही 'पाणी' नावाचा वेगळा ग्रुप काढलाय, फॉरवर्ड टाकायला बंदी, फक्त आकडा, वेळ आणि कुठून कळलं. आणि विसर्गाचा, म्हंजे धरणातून किती पाणी सोडलं त्याचा, मेसेज वाचायला शिका. कोयनेच्या पायथा विद्युतगृहातून २१०० क्युसेक (म्हंजे सेकंदाला तेवढे घनफूट) सोडलं असं आलं तर चहा प्या, त्यानं काय होत नाही. १०५ टीएमसीच्या (एक टीएमसी म्हंजे शंभर कोटी घनफूट) धरणाचे वक्र दरवाजे किती फुटांनी उचलले आणि एकूण विसर्ग कितीवर गेला, वाचायचं ते हे.

शेवटी लाइट आणि नेट गेल्यावर काय. २०१९ ला सबस्टेशनंच पाण्यात गेली, मग टॉवर किती वेळ टिकणार. तेव्हा वरच्यातलं निम्मं बंद पडतं हे मान्यच करा. २० हजार एमएएचची पॉवर बँक घेतलीय, पण खोक्यावर २० हजार असलं तरी प्रत्यक्षात फोनला त्यातलं साठ-पासष्ट टक्केच मिळतं, म्हंजे दोन फोन एकेकदा भरून थोडं उरतं. महिन्यातून एकदा चार्ज करून ठेवायची जबाबदारी पप्पांची, अमावस्येला करतात, त्यांना तसं लक्षात राहतं. सोबत एक कीपॅड फोन, वेगळ्या कंपनीचं सिम घालून, कारण एका कंपनीचा टॉवर पडला तरी दुसरीचा असू शकतो. टॉर्च आहे, रेडिओ आहे, आठवडाभर बॅटरी जाते. आकाशवाणी सांगली लागतं. स्मार्टफोनवर एफएम असलं तरी वायरचा इअरफोन लावल्याशिवाय बहुतेक वेळा चालत नाही, आणि नवीन फोनला ते भोकच नसतं. नेट नसताना *९९# वरून पैसे पाठवता येतात, बँकेला जोडलेल्या सिमवरूनच, ५ हजारांपर्यंत, मी करून बघितलं, चालतं पण मेनू वाचेपर्यंत मध्येच तुटतं. त्यापेक्षा दहा-वीस-पन्नासच्या नोटा घरात ठेवा, कारण ५०० ची नोट घेऊन दुधाची पिशवी मागितली की दुकानदार सुट्टे नाहीत म्हणतो.

एकूण खर्च बघाल तर पॉवर बँक आणि कीपॅड फोन धरून तीन-साडेतीन हजार, वर सातबाऱ्याचे १५ रुपये. सोलरवर चार्ज होणारी पॉवर बँक घेऊ नका, कुणी कितीही सांगू दे. पावसाळ्यात ऊन कुठनं आणणार?